बाटली फुगायची का?

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. घरात त्यावरून माझी भरपूर चेष्टा होते. आमचे हे म्हणतात, "ही देवळात गेली तर पुजाऱ्यालाही विचारेल, प्रसाद कधी केला, कुणी केला आणि आधी कुणी खाऊन बघितलाय का." म्हणोत बापडे. पनवेलमधल्या एका लहानशा हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत उभं आयुष्य काढलेली बाई ताकही फुंकूनच पिणार. स्ट्रेचरबरोबर जी पहिली हकीकत आत येते ती पेशंटची नसते, त्याला आणणाऱ्याच्या सोयीची असते. ठेकेदार म्हणतो "चक्कर आली", तेव्हा माणूस परांचीवरून पडलेला असतो. मुलगा म्हणतो "आई कालपर्यंत ठणठणीत होती", तेव्हा ती माउली आठवडाभर अंथरुणाला खिळलेली असते. एकदा एका बाईला "जिन्यावरून पडली" म्हणून आणलं होतं. शेजारणीला विचारलं, तर त्या घराला जिनाच नव्हता.

या स्वभावाला खतपाणी घालणारा एक आजार आहे. पुस्तकात त्याचं नाव लांबलचक आहे, आर्टेरियल गॅस एम्बॉलिझम. साध्या भाषेत सांगायचं तर धमनीत वायूचा बुडबुडा अडकणं. रक्त वाहायच्या वाटेत हवा बसते आणि पुढच्या भागाचं रक्त तुटतं. मेंदूत असं झालं की हात जातो, पाय जातो, वाचा जाते. हा आजार सोंगाडा आहे. कधी पक्षाघाताचं सोंग घेतो, कधी फिटचं, कधी नुसत्या दारूचं. रक्त तपासून काही हाती लागत नाही, आणि मेंदूचा स्कॅन काढेपर्यंत बुडबुडा बऱ्याचदा विरून गेलेला असतो. चोर पसार आणि घर लुटलेलं. त्याला पकडायची एकच युक्ती आहे. आजारी पडायच्या अगदी आधी हा माणूस काय करत होता ते खरं खरं कळलं पाहिजे. आणि खरं कॅज्युअल्टीत कुणी सांगत नाही.

माझी त्याच्याशी पहिली गाठ पडली ती उरणच्या बाजूच्या एका पाणबुड्यामुळे. जेट्टीखाली काम करणारा तरुण होता. मुकादम म्हणाला, "जास्त झाली त्याला, बोटीतच पडला." पण दारूचा वास कुठेच नव्हता, अंगाला खाडीच्या चिखलाचा वास होता. मानेवर बोट दाबलं तर कातडीखाली हवा कुरकुरली. नळीतून हवा घेत तो खाली गेला होता. खाली कशाला तरी घाबरला, श्वास रोखून भसकन वर आला, आणि छातीत कोंडलेली हवा फुप्फुस फाडून रक्तात शिरली. मुकादमाच्या तोंडून एवढं काढायला मला इतका आवाज चढवावा लागला की समोरचा पानवाला आत डोकावून गेला. मुलगा वाचला. तेव्हापासून कुणी धडधाकट तरुण माणूस अचानक लुळा पडला की मी आधी स्वतःला विचारते, याच्या आत हवा कुठून शिरली असेल? ज्युनियर डॉक्टर माझ्या पाठीमागे हसतात. मी त्यांना हसू देते.

ती दुपार मे महिन्यातली होती. लाइट सकाळपासून गेलेली, आमचा जनरेटर धडधडत होता. ओवे गावाहून एक रिक्षा थेट दारात येऊन थांबली. एका तरुणाने बायकोला दोन्ही हातांवर उचलून आत आणलं, मागून त्याची आई धापा टाकत आली. बाई पंचविशीची असेल. उजवा हात लोंबत होता, तोंड एका बाजूला ओढलेलं, ओठांभोवती पांढरा फेस. पोट गच्च फुगलेलं. तिला एक शब्द बोलता येत नव्हता, पण डोळे लख्ख जागे होते. ते एकेकाच्या तोंडाकडे बघत होते, आणि आपल्याबद्दल काय सांगितलं जातंय ते तिला सगळं कळत होतं.

"बाथरूममध्ये घसरून पडली, मॅडम," नवरा म्हणाला.

मी तिचा गाऊन चाचपला. कोरडा. केस कोरडे. डोक्याला साधं खरचटलेलंही नाही.

"कुठे पडली?" मी सासूला विचारलं.

"पडली नाय ओ डाक्टर बाय. अंगनात कपडे वालत घालून आली, फ्रिजपाशी गेली, नि थितंच खाली बसली. मंग ओकली. नुसता फेस ओकली."

नवऱ्याने आईकडे असं बघितलं की ती गप्पच झाली. एकाच रिक्षातून आलेली दोन माणसं आणि हकीकती दोन. पाणी कुठेतरी मुरत होतं, हे कळायला माझ्यासारखा स्वभाव असायचीही गरज नव्हती.

लग्नाला तीन वर्षं झालेली. नव्या लग्नाची मुलगी, कारण कळत नाही, तोंडाला फेस. अशा वेळी पोलिसांना कळवावंच लागतं. थोड्या वेळात एक हवालदार येऊन दारापाशी बाकड्यावर बसला. त्याने टोपी मांडीवर ठेवली आणि नवऱ्याकडे टक लावली. त्या क्षणापासून नवऱ्याने तोंडात मिठाची गुळणी धरली. विचारलं की मान खाली. तिचं माहेर चिरनेरचं आहे, एवढंच त्याने सांगितलं, आणि तेही सिस्टरने फोन नंबर मागितला म्हणून.

आमच्या ज्युनियरने फेस बघितला आणि ठरवून टाकलं की कीटकनाशक. आमच्याकडे फेस म्हटलं की पोरांना दुसरं काही सुचत नाही. पण त्या औषधाचा वास लपत नाही, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, अंगाला घामाच्या धारा लागतात. हिच्यात यातलं काहीच नव्हतं. मेंदूचा स्कॅन काढला, तो स्वच्छ आला. मग मी नवी मुंबईतल्या मेंदूच्या तज्ज्ञांना फोन लावला. ते म्हणाले, "तरुण मुलगी, उजवी बाजू गेली, वाचा गेली, स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही, म्हणजे गुठळी आहे. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्या. वेळ घालवू नका."

"आणि पोट का फुगलंय?" मी विचारलं.

"पोटाचं नंतर बघता येईल."

उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? पण त्यांचं बोलणं अगदीच चुकीचंही नव्हतं. गुठळी असेल तर इंजेक्शन आत्ताच द्यायला हवं होतं, उशीर झाला तर मेंदूचा तो भाग कायमचा गेला. तिने काही जळजळीत गिळलं असेल आणि पोट आतून भाजलं असेल, तर तेच इंजेक्शन तिला आतल्या आत रक्त वाहून मारणार होतं. आणि हवा असेल, तर इंजेक्शनाचा काडीचाही उपयोग नव्हता. मग तिला मुंबईला न्यायला हवं होतं, दाबाच्या टाकीत. तिथे माणसाला बंद करून भोवतीचा दाब वाढवतात, म्हणजे बुडबुडा आवळून लहान होतो आणि वाट मोकळी होते. पण नुसतं "मला संशय येतोय" म्हणून तिथे कुणी पेशंट घेत नाही. गुठळी, विष की हवा? ते ठरवल्याशिवाय मला हात उचलता येत नव्हता, आणि ती माझ्याकडे बघत होती.

सलाइन लावायला म्हणून मी तिचा उजवा हात हातात घेतला. अंगठा आणि दोन बोटं टोकाला पांढरी फटक होती. चुन्यात बुडवल्यासारखी. मी ओल्या गॉजने पुसली, रंग निघेना, कातडीच पांढरी झाली होती. ओठ उलटून बघितले. आतली बाजू तशीच पांढरी.

मग मी सासूकडे वळले. "हात दाखवा."

तिने हात पदराखाली घेतला. मी तो ओढूनच बाहेर काढला. तिचीही दोन बोटं पांढरी होती.

आता माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते लपवून ठेवत नाही. सुनेच्या तोंडात पांढरं, सासूच्या बोटांवर पांढरं, मुलगा खोटं बोलतोय. असं चित्र मी पूर्वी बघितलेलं होतं. हवालदारानेही तेच चित्र बघितलं असावं, कारण तो बाकड्यावरून उठून दोन पावलं पुढे आला. सासू घाबरून मोठमोठ्याने बोलायला लागली. "मी निसती बाटली उचलली ओ! तिच्या हातातनं पडली व्हती, सगला खाली सांडलेला, म्हनून उचलली!"

"कसली बाटली?"

तिने मुलाकडे बघितलं आणि हात पुन्हा पदराखाली घेतला.

तेवढ्यात सिस्टर म्हणाली, "मॅडम, ही पाणी मागतेय." बाईने डावा हात उचलला होता. मूठ तोंडाच्या वर उंच धरून तिने मनगट वाकवलं, जशी आपण वरून बाटली ओततो तशी, आणि मान मागे टाकली. सिस्टर ओला बोळा घेऊन तिच्या ओठांपाशी गेली. बाईने जोरात मान हलवली. नाही. पुन्हा तीच खूण केली, आणि मग तोच हात नवऱ्याच्या दिशेने केला. तिच्या डोळ्यांत राग होता. चार शहाणी माणसं भोवती उभी आणि एकालाही आपलं बोलणं कळू नये, असा तो राग होता.

मी तिच्या तोंडाशी वाकले. "तू काहीतरी वरून प्यायलीस?"

मान हलली. हो.

"फ्रिजमधलं?"

हो.

"पाणी समजून?"

तिने डोळे मिटले आणि कितीतरी वेळ मान हलवत राहिली. हो, हो, हो.

आपल्याकडे घरातल्या बाटलीला तोंड लावत नाहीत. उष्टी होते. बाटली सगळ्यांची, म्हणून प्रत्येकाने वरूनच ओतायचं. सवय चांगली आहे, मीही माझ्या मुलांना चापट्या मारून लावली. पण ओठांना बाटली लागत नाही म्हणजे ओठांना काही कळतही नाही. तोंड लावून पिणारा माणूस वाईट चव आली की पहिल्या घोटालाच थुंकतो. वरून ओतणारा मान मागे टाकून घसा उघडा ठेवतो. त्यात उन्हातून आलेला असला तर गटागटा. जिभेला पत्ता लागेपर्यंत ते पोटात गेलेलं असतं.

मी नवऱ्याला दंडाला धरून शेजारच्या खोलीत नेलं. तिथे ऑक्सिजनचे सिलिंडर ठेवतात, बसायलाही जागा नाही. हवालदार मागे यायला निघाला, त्याला मी म्हटलं, "तुम्ही तिच्यापाशी थांबा," आणि दार लोटून घेतलं.

"काय होतं बाटलीत?"

"पाणी, मॅडम."

"कसलं पाणी?"

"साधंच."

"साध्या पाण्याने बोटं पांढरी होतात?"

तो ताकास तूर लागू देत नव्हता. मला इतका राग आला की हाताची मूठ वळली. मी म्हटलं, "हे बघ, मी पोलीस नाही. तू तिला मारायला निघाला होतास की नाही हे मला आत्ता ठरवायचं नाही. बाहेर एक इंजेक्शन भरून ठेवलंय. ते दिलं तर ती कदाचित उठेल, नाहीतर कदाचित संध्याकाळच्या आत मरेल. यातलं कुठलं, ते तुझ्या बाटलीवर आहे."

त्याने ओठांवरून जीभ फिरवली आणि विचारलं, "कंपनीला कळेल का?"

एका कानाखाली द्यावी असं वाटलं. बायको लुळी पडलीये आणि याला कंपनीची काळजी! पण त्याच प्रश्नाने मला वाट दाखवली. कंपनी म्हणजे तळोजा. तळोजा म्हणजे केमिकल. पांढरी झालेली कातडी, फेस, आणि ढोलासारखं पोट. जखम धुवायला आम्ही जे फसफसणारं औषध वापरतो, ते पाण्यासारखंच दिसतं. त्याला वास नसतो, आणि ते दाट असताना बोटाला लागलं तर बोट असंच पांढरं होतं. आमच्याकडे येतं ते अगदी पातळ केलेलं. कारखान्यात ते पिंपाने असतं.

काय आहे हे मी त्याला पुन्हा विचारलंच नाही. विचारलं ते एवढंच, "बाटली फुगायची का?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग एकदम त्याचं अवसान गळालं. सिलिंडरला टेकून तो खाली बसला.

"फुगायची. रोज झाकण सैल करावं लागतं. नायतर फुटेल."

मग सगळं बाहेर आलं. कपडे पांढरे करायचं केमिकल, पिंपातलं, पाणी न घातलेलं. बादलीभर पाण्यात त्याची आई एक टोपण टाकायची आणि चादरी नव्यासारख्या निघायच्या. हा ठेक्यावरचा कामगार. गेटवर झडती होते, तरी शर्टाखालून पाण्याच्या बाटलीत घेऊन यायचा. सापडला असता तर त्याच दिवशी घरी बसला असता. आणि फ्रिजमध्ये का? तर पिंपावर लिहिलेलं होतं की थंड जागी ठेवा. कंपनीत सेफ्टीवाल्यांनीही तेच बजावलेलं होतं. मे महिन्यात ओव्यातल्या पत्र्याच्या घरात थंड जागा एकच असते. म्हणून त्याने बाटलीच्या गळ्याला लाल दोरा बांधला आणि ती फ्रिजच्या तळाशी, भाजीच्या खणात ठेवायला सुरुवात केली. घरात सगळ्यांना बजावून सांगितलं होतं.

"मग तिला दिसला नाही का दोरा?"

"लाइट नव्हती ना. फ्रिजमध्ये अंधार."

"पण बाटली खाली भाजीच्या खणात होती ना? पाणी प्यायला माणूस भाजीच्या खणात हात घालतो?"

"सकाळी ड्युटीवरून येऊन मी झाकण सैल केलं. मग... दारात ठेवली असेल. पाण्याच्या बाटल्यांपाशी. झोप आली होती. आठवत नाय, मॅडम."

ते "असेल" मला आवडलं नाही. अजूनही आवडत नाही. पण त्या वेळी त्यावर विचार करायला फुरसत नव्हती.

बाटलीत जे होत होतं तेच तिच्या पोटात झालं होतं. ते द्रव्य फुटून त्याचा वायू होतो, थोड्याशा घोटाचा भलामोठा वायू. तो पोटाच्या शिरांत घुसतो, तिथून लिव्हरकडे, तिथून हृदयाकडे. पुढे फुप्फुस चाळणीसारखं काम करतं, थोडीफार हवा अडवून धरतं. पण हवा फार आली, किंवा हृदयाच्या पडद्यात जन्मापासून राहून गेलेलं एखादं बारीक भोक असलं, तर ती पलीकडे धमनीत जाते आणि थेट मेंदू गाठते. हे मला पटलं होतं, पण तज्ज्ञांना दाखवायला पुरावा हवा होता. मी तिला पुन्हा स्कॅनला पाठवलं, या वेळी पोटाच्या. मेंदूतून चोर पळाला होता, पण लिव्हरमध्ये त्याची अख्खी टोळी बसलेली सापडली. पडद्यावर लिव्हरच्या शिरांच्या काळ्या फांद्या उठल्या होत्या. हवेच्या.

मी मेंदूच्या तज्ज्ञांना फोन केला. ते म्हणाले, "इंजेक्शन देऊ नका." एवढं मोठेपण त्यांनी दाखवलं, ते मी मानते. भरलेलं इंजेक्शन सिस्टरने बाजूला केलं. तिला सपाट झोपवून तोंडावर पूर्ण ऑक्सिजनचा मास्क बांधला, पोटातली हवा काढायला अगदी हलक्या हाताने नाकातून नळी घातली, आणि मुंबईला फोन लावला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "काय गिळलंय? नक्की माहीत आहे का?"

फोनवर हात ठेवून मी नवऱ्याला सांगितलं, "आता हे केमिकल कुठून आलं ते कागदावर जाणार. पोलिसांच्याही. मला लपवता येणार नाही."

त्याने मान डोलावली. मग तो स्वतःहून उठला, बाहेर गेला आणि हवालदारासमोर उभा राहून म्हणाला, "साहेब, बाटली मी आणली. कंपनीतून. आईचा काय संबंध नाय." हवालदाराने त्याला आपल्या शेजारी बाकड्यावर बसवून घेतलं. अँब्युलन्स निघाली तेव्हाही तो तिथेच होता. स्ट्रेचरवरून ती मान वळवून त्याला शोधत होती. तो उठायला गेला, हवालदाराने त्याला खांद्याला धरून खाली बसवलं.

अँब्युलन्स नव्या सागरी पुलावरून गेली. सोबत ज्युनियरला पाठवलं होतं, त्याने पलीकडे पोचल्यावर फोन केला. संध्याकाळी चिरनेरहून तिचा बाप आला. भावकीतली माणसं घेऊनच आला. "माज्या पोरीला विष पाजलं यांनी!" म्हणून त्याने आमच्या काउंटरवर हात आपटला. मी त्याला हवेचं सगळं समजावून सांगितलं. तो माझ्याकडे असं बघत राहिला की जणू मीही त्या कटात सामील आहे. मी त्याच्या जागी असते तर मीही तसंच बघितलं असतं.

ती जे बोलेल त्यावर आता सगळं अडलं होतं. टाकीत तिला पुन्हा पुन्हा ठेवावं लागलं. आधी पाय हलला, मग खांदा, वाचा सगळ्यात शेवटी आली, तीही तुटक तुटक. पोलिसांनी, बापाने, सगळ्यांनी एकच विचारलं, कुणी पाजलं? ती म्हणाली, "मी. मीच ओतलं." तेव्हा नवऱ्याला सोडलं. नोकरी अर्थातच गेली.

पावसाळ्यात ती मला भेटायला आली. चालत आली. उजव्या हाताची बोटं अजून अवघडलेली होती, बटण लावता येत नव्हतं, आणि शब्द काढताना मध्येच थांबायची. पावसाने चार दिवस दडी मारली होती आणि बाहेर चटका देणारं ऊन पडलं होतं. मी तिला तपासलं, हात वर करायला लावला, बोटाने नाकाला शिवायला लावलं. समाधान वाटलं. माझ्या या धंद्यात असं समाधान क्वचितच मिळतं, ते मी मनसोक्त घेतलं.

"घरी कसं चाललंय?" मी विचारलं.

"बरं हाय." मग थोडा वेळ ती खुर्चीच्या हातावर बोट फिरवत राहिली. "आता आमच्याकडं सगले आपापल्या बाटलीतनं पितात. सासूबाय आपली बाटली उशाशी घेऊन झोपतात. माज्या हातचं पानी घेताना आधी बघतात. बोलत कोन नाय."

"आणि तू?"

"मी पन बघते," ती म्हणाली. मग दाराकडे नजर टाकून आवाज खाली आणला. "मॅडम, येक विचारू? पोलिसांना मी बोलली, मीच ओतलं. ते खरंच हाय. पन बाटली खालच्या खनात असायची. रोज. त्या दिवशी ती दारात कशी आली? त्यांनी... मुद्दाम नाय ना ठेवली?"

माझं सगळं आयुष्य लोकांना हेच विचारण्यात गेलं, पण मला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. इतके दिवस ती त्याच माणसाच्या शेजारी झोपत होती, त्याने वाढलेलं खात होती, आणि हा प्रश्न मनात घेऊन जगत होती. माहेरी सांगितलं असतं तर बापाने तिला त्याच दिवशी उचलून नेलं असतं, म्हणून तिने तिकडेही सांगितलं नव्हतं. लिव्हरमधली हवा स्कॅनवर दिसते. माणसाने सकाळी झोपेत बाटली कुठे ठेवली आणि का ठेवली, ते कुठल्याच यंत्रात दिसत नाही. ते "असेल" मला आठवलं. मग तो हवालदारासमोर जाऊन उभा राहिला, तेही आठवलं. तिला मारायचं असतं तर त्याने फक्त अजून थोडा वेळ गप्प बसायचं होतं. ते इंजेक्शन मी देणारच होते.

"नाही," मी म्हणाले. "मुद्दाम नाही."

"नक्की?"

पेशंटला नक्की असं मी कधी म्हणत नाही. ज्युनियरांनाही म्हणू देत नाही.

"नक्की," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी नातेवाइकांकडे बघते ना, अगदी तसंच, माझ्या डोळ्यांत काही लपलंय का ते शोधत. मी नजर हलवली नाही. मग तिने पदर सावरला आणि म्हणाली, "मंग त्यांना आत बोलवा. मगापासून बाहेर उन्हात उभे हायत."